अमेरिकेतल्या ज्येष्ठांसाठी मेडिकेअरचा मोफत सल्ला: भेटीपूर्वी, भेटीत आणि भेटीनंतर काय करावे

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे कायमचे राहायला आलेल्या मराठी आई-वडिलांसाठी मेडिकेअरचा, म्हणजे मुख्यतः पासष्टीनंतर मिळणाऱ्या सरकारी आरोग्यविम्याचा, निर्णय बऱ्याच घरांत उलट्या क्रमाने घेतला जातो. आधी ओळखीतल्या एजंटचा फोन येतो, मग एखादा प्लॅन घेतला जातो, आणि काही महिन्यांनी औषधाचे बिल हातात पडले किंवा डॉक्टरांच्या खिडकीवर कार्ड नाकारले गेले, की मोफत सल्ला देणाऱ्या कार्यालयाची आठवण होते. तोपर्यंत महत्त्वाच्या मुदती निघून गेलेल्या असतात आणि समुपदेशकाला मदत करण्याची कितीही इच्छा असली तरी त्याच्या हातात फार थोडे उरते. तीच भेट चार महिने आधी, नीट तयारीने घेतली तर आयुष्यभर भरावा लागणारा दंड टळू शकतो.

हा सल्ला देणाऱ्या योजनेचे सर्वसाधारण नाव शिप, म्हणजे स्टेट हेल्थ इन्शुरन्स असिस्टन्स प्रोग्रॅम. केंद्र सरकारच्या अनुदानावर ती पन्नासही राज्यांत चालते, पण पाटी राज्यागणिक वेगळी असते, आणि त्यामुळेच ती अनेकांना सापडत नाही. कॅलिफोर्निया आणि टेक्सासात तिला हायकॅप म्हणतात, मॅसॅच्युसेट्स आणि फ्लोरिडात शाइन, वॉशिंग्टन राज्यात शिबा, पेनसिल्व्हेनियात पीए मेडी. न्यू जर्सीत मात्र ती शिप याच नावाने ओळखली जाते. समुपदेशकांपैकी काही पगारी असतात, तर अनेकजण प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक असतात. ते विमा विकत नाहीत, त्यांना कमिशन मिळत नाही, आणि म्हणूनच ते “हाच प्लॅन घ्या” असे सांगतही नाहीत. पर्याय उलगडून दाखवणे हे त्यांचे काम आहे. निवड आपली आपण करायची असते.

सावधान: व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना मेडिकेअर मिळत नाही. त्यांच्या प्रवासी विम्याचे प्रश्न घेऊन या कार्यालयात जाऊ नये.

## टप्पा १: प्लॅनचे नाव काढण्यापूर्वी तारीख निश्चित करावी

सर्वांत महागात पडणाऱ्या चुका या टप्प्यावर होतात, म्हणून इथे घाई करू नये. अमेरिकेत पुरेशी वर्षे काम केलेल्या किंवा नागरिक असलेल्या व्यक्तीची पहिली नावनोंदणीची मुदत ७ महिन्यांची असते: ६५ वर्षे पूर्ण होण्याच्या महिन्याआधीचे ३ महिने, तो महिना आणि पुढचे ३ महिने.

यात आपल्या लोकांना हमखास लागू पडणारा एक बारकावा आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून हीच जन्मतारीख लिहून टाकण्याची पद्धत एके काळी इतकी सर्रास होती, की आज सत्तरीच्या आसपास असलेल्या कितीतरी मराठी माणसांच्या पासपोर्टवर तीच तारीख आढळते. मेडिकेअरच्या हिशेबात महिन्याच्या १ तारखेला जन्मलेली व्यक्ती आदल्या महिन्यातच ६५ वर्षांची झाली असे धरले जाते. त्यामुळे १ जून जन्मतारीख असलेल्यांची मुदत १ फेब्रुवारीला सुरू होते आणि ३१ ऑगस्टला संपते; २ जून असलेल्यांची १ मार्च ते ३० सप्टेंबर असते. खरा जन्म श्रावणातला असला तरी कागदावरची तारीखच धरावी.

ग्रीन कार्डवर आलेल्या आणि अमेरिकेत पुरेसे काम न केलेल्या आई-वडिलांचा हिशेब वेगळा आहे. त्यांचे वय ६५ किंवा अधिक असावे लागते, ग्रीन कार्ड हातात असावे लागते, आणि अर्जाच्या महिन्याआधी सलग ५ वर्षे अमेरिकेत वास्तव्य झालेले असावे लागते. त्यांची पहिली मुदत पासष्टीवर ठरत नाही. या सगळ्या अटी ज्या महिन्यात प्रथम पूर्ण होतात, त्या महिन्यावर ती ठरते. “बाबा आता ७२ वर्षांचे आहेत, म्हणजे ७ वर्षांचा दंड बसणार” या भीतीने काही घरांत विषयच बंद करून टाकला जातो. ती भीती निराधार आहे, कारण पात्रता येण्यापूर्वीच्या वर्षांचा दंड लागत नाही. दंड लागतो तो पात्रता आल्यानंतर स्वस्थ बसल्याचा. पार्ट बी साठी, म्हणजे मेडिकेअरच्या डॉक्टरांच्या आणि दाखल न होता घेतलेल्या उपचारांच्या भागासाठी, तो प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांच्या उशिराला १० टक्के इतका असतो आणि पार्ट बी असेपर्यंत दर महिन्याच्या हप्त्यात मिळवला जातो. २०२५ साली पार्ट बी चा मूळ हप्ता दरमहा १८५ डॉलर होता. दोन वर्षे उशीर केलेल्याला त्यावर ३७ डॉलर जास्त भरावे लागले.

वास्तव्य “सलग” असण्याच्या अटीमुळे भारतातले लांबलेले मुक्काम अडचणीचे ठरू शकतात. पासपोर्टवरचे शिक्के पाहून गेल्या ५ वर्षांतल्या येण्या-जाण्याच्या सर्व तारखा एका कागदावर लिहून काढाव्यात. सहा महिन्यांहून मोठा एखादा मुक्काम असेल तर तो ठळक करावा आणि त्याबद्दल समुपदेशकाला स्वतःहून सांगावे. तो लपवल्याने काही साधत नाही, कारण प्रश्न पुढे मेडिकेअरची नोंदणी करणाऱ्या सोशल सिक्युरिटीच्या सरकारी कार्यालयात निघतोच.

याच टप्प्यावर पार्ट ए, म्हणजे मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चाचा भाग, फुकट आहे की विकतचा, हेही पाहून घ्यावे. स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या अमेरिकेतल्या कामाची ४० क्रेडिट्स, म्हणजे साधारण १० वर्षांचे काम, भरले असेल तर त्याला हप्ता नसतो. मुलाने वीस वर्षे कर भरला असला तरी त्याची क्रेडिट्स आई-वडिलांना मिळत नाहीत, आणि भारतात केलेली नोकरीही यात धरली जात नाही. क्रेडिट्स ३० पेक्षा कमी असतील तर २०२५ साली पार्ट ए चा हप्ता दरमहा ५१८ डॉलर होता. ३० ते ३९ क्रेडिट्सना २८५ डॉलर. हे आकडे दरवर्षी बदलतात, म्हणून चालू वर्षाचा आकडा भेटीत विचारून घ्यावा.

तपासून पाहा: (अ) कागदावरची जन्मतारीख, (आ) ग्रीन कार्डावरची तारीख, (इ) प्रवासाची यादी, (ई) नवरा-बायको दोघांची स्वतंत्र क्रेडिट्स. या चार गोष्टी लिहून झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

## टप्पा २: योग्य कार्यालय गाठणे आणि भाषेची सोय मागणे

राष्ट्रीय क्रमांक ८७७-८३९-२६७५ हा आहे. तिथे राज्य सांगितल्यावर स्थानिक कार्यालयाचा पत्ता मिळतो. ज्या राज्यात आई-वडील राहतात तेच राज्य सांगावे. मुलगी न्यू जर्सीत आणि मुलगा टेक्सासात असेल, आणि आई-वडील दोघांकडे आलटून-पालटून राहत असतील, तर कायमचा पत्ता कोणता हे आधी घरात ठरवावे, कारण बहुतेक प्लॅन पत्त्याशी बांधलेले असतात.

भेटीची वेळ मुदत सुरू होण्यापूर्वी किंवा सुरू होताच घ्यावी. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर हा सर्वांसाठी प्लॅन बदलण्याचा काळ असल्यामुळे त्या दिवसांत या कार्यालयांत गर्दी असते. ज्यांची पहिली मुदत त्या काळात येत नाही त्यांनी ते आठवडे टाळावेत.

वेळ ठरवतानाच मराठी दुभाषा हवा असे सांगावे. दुभाषाचे पैसे लागत नाहीत. मराठी दुभाषा न मिळाल्यास हिंदी चालेल का, हे आई-वडिलांना विचारून ठरवावे. आपणच परस्पर “हो, चालेल” म्हणू नये. मुलाने जवळ बसावे, पण दुभाषाचे काम स्वतःकडे घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. माझ्या सासूबाईंच्या भेटीत मी उत्साहाने भाषांतर करत राहिलो आणि त्यांना रात्री घ्याव्या लागणाऱ्या एका औषधाचा उल्लेखच झाला नाही, कारण ते मला ठाऊक नव्हते आणि जावयासमोर त्या त्याबद्दल बोलल्या नाहीत. परक्या माणसाशी त्या मोकळेपणी बोलल्या असत्या.

## टप्पा ३: औषधांची आणि डॉक्टरांची यादी

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून उरकला जातो, आणि त्यामुळे पुढची सगळी तुलना चुकते. समुपदेशक मेडिकेअरच्या संकेतस्थळावर औषधांची नावे घालून प्लॅनची तुलना करतो. एक नाव चुकले किंवा एक मात्रा चुकली, तरी सर्वांत स्वस्त दिसणारा प्लॅन प्रत्यक्षात महाग निघू शकतो.

अडचण अशी की आपल्या आई-वडिलांच्या डब्यातल्या गोळ्या भारतातून आलेल्या असतात आणि त्यांची भारतीय नावे इथल्या यादीत सापडत नाहीत. म्हणून पाकिटावरचे मोठे नाव सोडून खाली बारीक अक्षरांत छापलेला घटक लिहावा: ग्लायकोमेट न लिहिता मेटफॉर्मिन, टेल्मा न लिहिता टेल्मिसार्टन, थायरोनॉर्म न लिहिता लिव्होथायरॉक्सिन. क्रोसिनमधले पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटॅमिनोफेन या नावाने मिळते. प्रत्येक नावापुढे मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा आणि महिन्याला किती गोळ्या हे तिन्ही लिहावे. एका गोळीत दोन किंवा तीन घटक असतील तर ते सर्व स्वतंत्रपणे नोंदवावेत, कारण भारतात सहज मिळणाऱ्या काही जोडगोळ्या इथे त्याच रूपात मिळत नाहीत.

त्याहून गंभीर बाब म्हणजे काही औषधे इथे मिळतच नाहीत. मधुमेहासाठी भारतात भरपूर लिहून दिली जाणारी व्हिल्डाग्लिप्टिन आणि ग्लिक्लाझाइड ही दोन औषधे अमेरिकेत मंजूर नाहीत. ती कोणत्याही प्लॅनमध्ये सापडणार नाहीत. अशा वेळी आधी इथल्या डॉक्टरांकडे जाऊन पर्यायी औषध ठरवून घ्यावे, आणि त्यानंतरच समुपदेशकाची भेट घ्यावी. पर्यायी औषध बरेच महाग असू शकते, आणि ते यादीत नसताना केलेल्या तुलनेचा काही उपयोग नाही. औषध बदलण्याचा निर्णय डॉक्टरांचाच आहे. समुपदेशकाला किंवा आपल्याला तो घेता येत नाही.

“गोळ्या तर आम्ही पुण्याहूनच आणतो, मग औषधांचा प्लॅन कशाला?” हा प्रश्न नेहमी विचारला जातो. औषधांच्या, म्हणजे पार्ट डी च्या, नोंदणीलाही दंड आहे: मुदत संपल्यानंतर सलग ६३ किंवा अधिक दिवस मान्य औषधविम्याशिवाय गेले, तर विम्याविना गेलेल्या प्रत्येक पूर्ण महिन्यासाठी राष्ट्रीय आधारभूत हप्त्याच्या १ टक्का. २०२५ साली तो हप्ता ३६.७८ डॉलर होता, म्हणजे ३० महिने थांबलेल्याला दरमहा सुमारे ११ डॉलर जादा, आणि तेही पार्ट डी असेपर्यंत. भारतातून आणलेला साठा किंवा भारतातली पॉलिसी ही मान्य औषधविम्यात मोडत नाही. गोळ्या थोड्याच असतील तर कमी हप्त्याचा प्लॅन घेऊन ठेवणे बहुधा शहाणपणाचे ठरते.

डॉक्टरांची यादी छोटी असली तरी नेमकी असावी: पूर्ण नाव, दवाखान्याचा पत्ता आणि कोणत्या विकारासाठी.

तपासून पाहा: यादी आई-वडिलांसमोर मोठ्याने वाचून दाखवावी आणि गोळ्यांच्या डब्याशी ताडून पाहावी. मलमे, डोळ्यांचे थेंब, इन्सुलिन आणि श्वासाचे पंप हमखास राहून जातात.

## टप्पा ४: वर्षातले किती महिने भारतात, हे आधी ठरवणे

मूळ मेडिकेअर, म्हणजे सरकारकडून थेट मिळणारे पार्ट ए आणि पार्ट बी, भारतातल्या उपचारांचा खर्च देत नाही. अपवाद अगदी मोजके आहेत आणि ते आपल्या प्रवासाला लागू पडत नाहीत. म्हणून दर हिवाळ्यात चार-पाच महिने पुण्या-नाशिकला जाणाऱ्यांनी हा प्रश्न भेटीआधीच घरात मिटवावा.

मेडिकेअर ॲडव्हांटेज प्लॅन, म्हणजे मूळ मेडिकेअरऐवजी खासगी कंपनीमार्फत मिळणारा प्लॅन, घेतला आणि माणूस सेवाक्षेत्राबाहेर सलग ६ महिन्यांहून अधिक राहिला, तर सर्वसाधारणपणे प्लॅनमधून नाव कमी होते. मूळ मेडिकेअरला जोडून घ्यायच्या पूरक विम्यात, म्हणजे मेडिगॅपमध्ये, नव्याने पात्र होणाऱ्यांसाठीच्या डी, जी, एम आणि एन या प्रकारांत परदेशातल्या तातडीच्या उपचारांची मर्यादित सोय असते: प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत सुरू झालेली निकड, वर्षाला पहिले २५० डॉलर आपले, त्यापुढच्या खर्चाच्या ८० टक्के विम्याचे, आणि संपूर्ण आयुष्यात मिळून ५०,००० डॉलरची मर्यादा. ठरवून करायची मोतीबिंदूची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया यात बसत नाही. मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये मेडिगॅपचे प्रकार वेगळे आहेत.

सावधान: “सहा महिने तिकडेच आहोत, तर पार्ट बी बंद करू” असा विचार करू नये. परत सुरू करताना १ जानेवारी ते ३१ मार्च या सर्वसाधारण मुदतीची वाट पाहावी लागू शकते आणि दंडही बसू शकतो. त्याचप्रमाणे भारतातली जुनी आरोग्य पॉलिसी घाईने सोडू नये. साठीनंतर ती नव्याने मिळवणे कठीण जाते.

## टप्पा ५: प्रत्यक्ष भेट आणि प्रश्नांचा क्रम

सोबत पासपोर्ट, ग्रीन कार्ड, सोशल सिक्युरिटी कार्ड, मेडिकेअर कार्ड आले असल्यास ते, सध्याच्या विम्याचे कागद आणि वरच्या याद्या घ्याव्यात. नावांचा मेळ आधीच पाहावा. एका कागदावर नवऱ्याचे नाव मधले नाव म्हणून, तर दुसऱ्यावर तेच पहिल्या नावाला जोडून छापलेले असणे आपल्याकडे नेहमीचे आहे, आणि नोंदणी त्यावर अडू शकते.

“सर्वांत चांगला प्लॅन कोणता?” या प्रश्नाने सुरुवात करू नये. प्रश्न पुढील क्रमाने विचारावेत.

१. आमची मुदत नेमकी कोणत्या तारखेला सुरू होते आणि कधी संपते?

२. पार्ट ए विकतचा असेल तर तो घ्यावा का, आणि न घेतल्यास काय काय हातचे जाते? हप्ता भरून पार्ट ए घ्यायचा तर पार्ट बी घ्यावाच लागतो. एकटा पार्ट बी मात्र घेता येतो. पण मेडिगॅप आणि ॲडव्हांटेज या दोन्हींसाठी ए आणि बी दोन्ही लागतात.

३. हप्त्यात मदत करणाऱ्या मेडिकेअर सेव्हिंग्ज प्रोग्रॅम किंवा एक्स्ट्रा हेल्प या योजनांना आम्ही पात्र आहोत का? ग्रीन कार्डच्या वेळी मुलाने दिलेल्या हमीपत्राचा त्यावर परिणाम होतो का, हेही विचारावे. इमिग्रेशनवर काय परिणाम होईल याचे उत्तर समुपदेशक देणार नाही. ते वकिलालाच विचारावे.

४. मूळ मेडिकेअर अधिक मेडिगॅप अधिक पार्ट डी, की ॲडव्हांटेज? हा खरा दोन वाटांचा फाटा आहे. पार्ट बी सुरू झाल्यापासून ६ महिने मेडिगॅप कंपनी आजारपणाच्या कारणावरून नकार देऊ शकत नाही, किंवा त्यासाठी जास्त पैसेही मागू शकत नाही. ही संधी ७२ व्या वर्षी पार्ट बी घेणाऱ्यालाही मिळते. त्यानंतर बहुतेक राज्यांत प्रकृतीची चौकशी होते, आणि मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्याला परतीची वाट बंद होऊ शकते. म्हणून बिनहप्त्याचा ॲडव्हांटेज प्लॅन “सध्या घेऊन पाहू” असे म्हणणे दिसते तितके निरुपद्रवी नाही.

५. आता औषधांची यादी घालून तुलना दाखवावी. हप्त्याच्या रकान्यावर न थांबता हप्ता आणि औषधे मिळून वर्षाचा एकूण खर्च दाखवणारा रकाना पाहावा.

मुलाच्या नोकरीतल्या विम्यात आई-वडिलांचे नाव असेल, तर तेवढ्यावर मेडिकेअर लांबवता येत नाही. उशिरा नोंदणीची खास सवलत स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या चालू नोकरीतल्या विम्यालाच असते. नोकरी सुटल्यावर घेतलेला कोब्रा विमाही त्यात धरला जात नाही.

भेट संपताना तुलनेची छापील प्रत, समुपदेशकाचे नाव आणि पुढच्या संपर्काचा क्रमांक मागून घ्यावा.

## टप्पा ६: पडताळणी आणि नोंदणी

सही करण्यापूर्वी प्रत्येक डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करावा. “तुम्ही मेडिकेअर घेता का?” हा प्रश्न अपुरा आहे, त्याला बहुतेक ठिकाणी “हो” असेच उत्तर येते. प्लॅनचे पूर्ण नाव वाचून दाखवावे आणि त्या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टरांच्या यादीत, हे डॉक्टर चालू वर्षी आहेत का, असे विचारावे. एकाच कंपनीचे अनेक प्लॅन असतात आणि त्यांची नेटवर्क वेगळी असतात.

नोंदणीचा क्रम असा: प्रथम पार्ट ए आणि पार्ट बी, सोशल सिक्युरिटीकडे (१-८००-७७२-१२१३), समुपदेशक ही नोंदणी स्वतः करत नाही. मग मेडिगॅप थेट कंपनीकडे आणि पार्ट डी मेडिकेअरकडे (१-८००-६३३-४२२७), किंवा त्याऐवजी ॲडव्हांटेज प्लॅन. सध्याचा कोणताही विमा नव्याचे लेखी पत्र हातात येईपर्यंत बंद करू नये.

सावधान: मेडिकेअर किंवा शिपमधून बोलतो असे सांगून आपणहून फोन करणाऱ्याला कार्डावरचा क्रमांक देऊ नये. फोन ठेवून वरच्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. असा फोन आल्याचे समुपदेशकाला कळवावे. अशा फसवणुकीसाठी सीनियर मेडिकेअर पॅट्रोल हा स्वतंत्र कार्यक्रम आहे.

## टप्पा ७: दर सप्टेंबरला येणारे पत्र

प्लॅन घेतलेल्यांना दरवर्षी सप्टेंबरअखेरपर्यंत पुढील वर्षीच्या बदलांचे पत्र येते. ते जाहिरात समजून टाकून दिले जाते. त्यात हप्ता किती वाढला, कोणते औषध यादीतून वगळले आणि कोणते महागड्या गटात गेले हे लिहिलेले असते. आई-वडील ऑक्टोबरमध्ये दिवाळीसाठी भारतात जाणार असतील तर पत्र आल्याबरोबर, निघण्यापूर्वी, नवी औषधयादी घेऊन समुपदेशकाला फोन करावा. प्लॅन बदलण्याची मुदत ७ डिसेंबरला संपते, आणि ते परत येतात तेव्हा बहुधा जानेवारी उजाडलेला असतो.